घागर खाली न ठेवता

गोपाळकृष्ण महाराज पहिल्यांदा माझ्याकडे आले तेव्हा मी त्यांना हाकलूनच देणार होते. चौसष्ट वर्षांचा माणूस, धोतर, खांद्यावर उपरणं, पोट बऱ्यापैकी पुढे, आणि म्हणतो काय, "मॅडम, मला चढावर पळायला शिकवा." मी तेव्हा शिट्टी तोंडात धरून मुरमाच्या रस्त्यावर उभी होते आणि माझ्या पोरी धापा टाकत खाली येत होत्या. मला वाटलं, सकाळी सकाळी माझी चेष्टा करायला कुणीतरी यांना पाठवलंय.

मी सुभद्रा. वलगावच्या शाळेत तीस वर्षं पी.टी. शिकवली. निवृत्त झाल्यावर घरात बसवेना, म्हणून आठवड्यातून चार दिवस पोलीस भरतीच्या पोरींना पळवते. माहेर मोर्शीकडचं, शेतकऱ्याचं घर. पूजा सांगणाऱ्या लोकांबद्दल माझं मत फारसं चांगलं नव्हतं, हे आधीच सांगून टाकते. आमच्याकडे सत्यनारायणाला येणाऱ्या महाराजांना पाटावरून उठवायला दोन माणसं लागायची, आणि जेवायला बसवायला एकही लागायचा नाही.

आमची टेकडी अमरावतीहून चांदूर रेल्वेच्या रस्त्याला, पोहऱ्याच्या डोंगरांच्या अलीकडे आहे. वर महादेवाचं देऊळ. समोरून एकशे सत्त्याऐंशी पायऱ्या, मागून ट्रॅक्टर जाईल असा मुरमाचा रस्ता. या देवळाची पूजा चार पिढ्या महाराजांच्या घराकडे. एरवी ते अमरावतीत राहतात, लग्नं-मुंजी-वास्तू करतात आणि दर सोमवारी स्कूटरवर इथे येतात.

"काहून पळायचं आहे तुमाले?" मी विचारलं. "पोट कमी करायचं असन तर गोड बंद करा. त्याले पळाची गरज नाही."

"पोटाचं नाही हो. श्वासाचं आहे," ते म्हणाले. मग पोरी दूर गेल्याचं बघून दगडावर बसले आणि त्यांनी मला सगळं सांगितलं.

श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी टेकडीच्या पायथ्याच्या विहिरीतून तांब्याची घागर भरून घ्यायची. ती खांद्यावर घेऊन अनवाणी पायऱ्या चढायच्या. वाटेत घागर कुठेही टेकवायची नाही. वर गाभाऱ्यात पिंडीवर गळती टांगलेली असते, म्हणजे बुडाला बारीक भोक असलेलं भांडं. घागर त्या गळतीत रिकामी करायची आणि धार चालू आहे तोवर अभिषेकाचे मंत्र मोठ्यानं म्हणायचे. आजूबाजूच्या सात-आठ गावांतली माणसं ते ऐकायला येतात.

मागच्या श्रावणात महाराज घागर घेऊन वर पोचले खरे, पण छाती भात्यासारखी हलत होती. धापा टाकताना लोकांनी बघू नये म्हणून त्यांनी लगेच घागर गळतीत ओतली. धार सुरू झाली आणि तोंडातून शब्दच फुटेना. घंटा वाजत होत्या, झांजा वाजत होत्या.

"मी नुसते ओठ हलवले, मॅडम," ते म्हणाले. "धार संपेपर्यंत नुसते ओठ. लोकांनी नमस्कार केले, पाया पडले. मी आशीर्वाद दिले. चाळीस वर्षांत असं कधी केलं नव्हतं."

"घरी सांगतलं?"

"कुणालाच नाही. तुम्ही आमच्यातल्या नाही, म्हणून सांगवतंय." मग म्हणाले, "येत्या श्रावणात शब्द आले तर आले. नाहीतर मी इथल्या पूजेची पाळी सोडणार. खोटी पूजा पुन्हा नाही करायची."

खरं सांगते, मला त्यांचा राग यायला हवा होता, आणि आला नाही. कुणालाही न कळलेली चूक उरावर घेऊन दोन महिने हिंडणारा माणूस मी आमच्या शिक्षण खात्यात तरी बघितला नव्हता.

तरी मी लगेच हो म्हटलं नाही. आधी डॉक्टरकडे पाठवलं. त्यांनी छातीला वायरी लावून पट्ट्यावर चालवून बघितलं, साखर थोडी वर आहे म्हणाले, हृदय ठीक आहे म्हणाले. तो कागद हातात आल्यावरच मी महाराजांना मंगळवार-शुक्रवार दिला. पहिला महिना नुसतं चालणं. बूट विकत घेताना त्यांनी दुकानदाराला तीनदा विचारलं, चामड्याचे नाहीत ना. धोतराला मी पहिल्याच दिवशी बंदी घातली. दुसऱ्या दिवशी ते मुलाची जुनी ट्रॅकपँट घालून आले तेव्हा पोरींनी पाठ फिरवून हसून घेतलं. महाराजांनी बघितलं आणि म्हणाले, "हसा, हसा. मलाही आरशात बघून हसू आलं."

माझी पद्धत साधी आहे. दहा मिनिटं अंग गरम करायचं. मग चढावर पंधरा-वीस सेकंद, आपल्या अंगात असेल तेवढा जोर. शेजारच्याचा जोर बघायचा नाही. मग चालत खाली यायचं आणि श्वास पुरता जागेवर येईपर्यंत दम घ्यायचा, तीन मिनिटं तरी. मग पुन्हा वर. चढावर पाऊल आपटत नाही, त्यामुळे गुडघ्याला सपाटीपेक्षा त्रास कमी. आठवड्यातून दोनदाच, मध्ये दोन दिवस सोडून. वीस वर्षांच्या पोरीला हेच आणि चौसष्टच्या महाराजांना हेच. पोरींचे चढ दहा, महाराजांचे चार. दम घेणं हाही व्यायामच आहे, हे मी घसा फोडून सांगते. वीस वर्षांच्यांना ते पटत नाही, आणि मला लवकरच कळलं की चौसष्टच्यांनाही पटत नाही.

महाराज घड्याळ वापरत नाहीत. पूजेला काढून ठेवायचं आणि विसरायचं, अशी तीन घड्याळं गेली. मोबाईल स्कूटरच्या डिकीत. तेव्हा मी नसेन त्या दिवशी तीन मिनिटं मोजायची कशी? त्यांनीच तोड काढली. त्यांचं रोजचं गणपतीचं स्तोत्र आहे, लहानपणापासून तोंडात बसलेलं. ते एकदा म्हणायचं की पुन्हा चढायचं. मी स्टॉपवॉच लावून बघितलं. तीन मिनिटं दहा सेकंद. मला फार आवडलं ते. स्तोत्र म्हणता येतंय म्हणजे श्वास जागेवर आलाय, वेगळं काही तपासायलाच नको.

पायथ्याशी बेबीताई बेलाची पानं घेऊन बसायची. सत्तरीची बाई, गळ्यात पिशवी, जिभेला हाड नाही. दर श्रावणात गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी पहिली जागा तिची, आणि ती कुणी घेतली तर भांडण ठरलेलं. दिवाळीत तिच्या मुलीनं तिला अकोल्याला नेऊन कानाचं मशीन बसवून आणलं होतं. पण ते कानात शिट्ट्या मारतं म्हणून बेबीताई ते पिशवीतच ठेवायची.

"महाराज पळून राहिले का बिबट्या मागं लागला?" पळणं सुरू झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात ती म्हणाली.

"मशीन लाव आधी, मंग बोल," मी पुटपुटले.

"मशीन न लावताच आलं मले आयकू," ती दहा हातांवरून म्हणाली. तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता, पण पडला नाही.

थंडीभर महाराज नियमानं आले. चाराचे पाच चढ झाले, पाचाचे सहा. पौष संपता संपता ट्रॅकपँटची नाडी आवळावी लागली. डॉक्टरांनी साखर बघून पाठ थोपटली. पायऱ्यांवर बसून वर बघणारा माणूस आता बोलत बोलत वर जायचा. पोरी त्यांना 'आजोबा' म्हणायच्या त्या 'सर' म्हणायला लागल्या, आणि ते मला जरा लागलंच, कारण मला त्या नुसतं 'ताई' म्हणतात.

चैत्रात गाडी घसरली. शुक्रवारी तिसऱ्या चढानंतर महाराज खाली आले आणि एकदम खाली बसले. डोळ्यांपुढे काजवे. पुढच्या मंगळवारी ओकारी. त्यानंतर आठवडाभर पोटऱ्या दुखल्या. ऊन वाढलं म्हणून मी वेळ साडेपाचची केली. फरक नाही. मला संशय आला उपासाचा.

"एकादशीले साबुदाणा खाऊन पळता काय तुमी?" मी आवाज चढवला. "मरायचं आहे का इथं? मले पोलीस घेऊन जातीन!"

"एकादशी बुधवारी होती हो, मॅडम. मी काल दोन वेळा जेवलो आहे."

पुन्हा डॉक्टर, पुन्हा पट्टा. हृदय पहिल्यापेक्षा चांगलं. मग होतंय काय? मी रात्रंदिवस तेच डोक्यात घेऊन बसले. महाराज मधूनच वर देवळाकडे बघायचे ते मला दिसायचं. श्रावण चार महिन्यांवर आला होता.

उलगडा केला अनुपमावहिनींनी. या त्यांच्या पत्नी. विद्यापीठाच्या ग्रंथालयात नोकरी केलेल्या, गुडघ्यांमुळे वर न चढणाऱ्या, बोलणं मोजकं. नवरा धापा टाकत घरी येतो म्हणून त्या दिवशी स्कूटरवर मागे बसून आल्या आणि माझ्याशेजारी उभ्या राहिल्या. महाराज चढून खाली आले आणि फेऱ्या मारत स्तोत्र म्हणायला लागले. वहिनींनी मान तिरकी केली.

"हे तर चतुर्थीचं म्हणताहेत," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"गणेश चतुर्थीला दुपारच्या आत एकवीस घरच्या गणपतींची प्रतिष्ठापना असते हो. एका घरी वीस मिनिटं बसले तर एकविसाव्या घरचा गणपती संध्याकाळी बसेल. त्या दिवशी ते असं म्हणतात. अडतीस वर्षं ऐकतेय मी. लग्नसराईतही हेच."

मी पुढच्या चढानंतर गुपचूप स्टॉपवॉच दाबलं. एक मिनिट वीस सेकंद.

मला हसू आवरेना. अहो, लग्नसराई सुरू झाली होती! सात वाजता कुठे सीमांतपूजन, नऊला कुठे हळद. डोक्यात पुढची पूजा घुसली की जीभ आपोआप पळायची आणि महाराजांना पत्ताही लागायचा नाही. तीन मिनिटांचा आराम सव्वा मिनिटावर आला होता आणि त्यात हा माणूस प्रामाणिकपणे सहा चढ मारत होता. वीस वर्षांची पोरगीही त्यात आडवी झाली असती. मी शिट्टी काढून पोट धरून हसले, वहिनीही हसल्या.

महाराज हसले नाहीत. ते मुरमावर बसले.

"म्हणजे पुन्हा तेच केलं मी," ते म्हणाले. "शब्द गिळले."

मग तिथेच त्यांनी वहिनींना मागच्या श्रावणातलं सांगितलं. वहिनींनी ऐकून घेतलं. त्या रागावल्या नाहीत, समजूतही काढली नाही. फक्त म्हणाल्या, "आता हळू म्हणा. मी इथे बसून ऐकते."

त्या दिवसापासून वहिनी दर मंगळवारी आणि शुक्रवारी दगडावर बसायला लागल्या. महाराज स्तोत्र म्हणायचे, शब्द पळायला लागला की वहिनी बोट वर करायच्या, महाराज सुरुवातीपासून पुन्हा म्हणायचे. सुरुवातीला फार जड गेलं त्यांना. मोकळं उभं राहून दम घेताना या माणसाला चोरट्यासारखं वाटायचं. कुणी बघतंय का म्हणून इकडेतिकडे नजर जायची. सहाचे चार चढ झाले. मग हळूहळू पुन्हा पाच. काजवे गेले, ओकारी गेली. ज्येष्ठात आम्ही बूट काढून पायऱ्यांवर सराव सुरू केला, आधी रिकाम्या घागरीनं, मग अर्ध्या, मग भरलेल्या. वीस पायऱ्या जोरात, वीस सावकाश. घागर खांद्यावर घेतल्यावर मान कशी ठेवायची हे त्यांनी मला शिकवलं. मला वाटायचं मला सगळं येतं.

मग श्रावण आला, आणि नितेशनं स्पीकर आणला.

नितेश म्हणजे देवस्थान समितीचा अध्यक्ष. चांगला पोरगा आहे, धावपळ फार करतो. "मागच्या साली मागच्या लोकाईले काहीच आयकू नाही आलं, महाराज," तो म्हणाला. "औंदा टेन्शन नाही. मोबाईलवर रेकॉर्डिंग आहे, एकदम शुद्ध. तुमी घागर वता, मी बटन दाबतो. तुमाले म्हणायचीबी गरज नाही."

मी त्याला दोन शब्द सुनावणार होते, पण महाराजांनी हात केला. "स्पीकर राहू दे," ते म्हणाले. "मला नाही जमलं तर दाब बटन. मग पुढच्या वर्षीपासून तोच म्हणेल." हे ते इतक्या साधेपणानं बोलले की नितेश खूश होऊन निघून गेला. मला मात्र त्यांचं पाळी सोडण्याचं बोलणं आठवलं.

शेवटचा सोमवार उजाडला. देवळापुढे पाय ठेवायला जागा नव्हती. मी तासभर आधी वर जाऊन गाभाऱ्याच्या दाराशी, समोरच्या पायऱ्या दिसतील अशी, खांबाला टेकून उभी राहिले. उंबऱ्याशी पहिल्या जागेवर बेबीताई, मशीन पिशवीत. वहिनी गुडघ्यांचं काही न ऐकता पायरी पायरी करत वर आल्या होत्या.

खाली शंख वाजला. महाराज विहिरीवरून निघाले. ओलं सोवळं, खांद्यावर भरलेली घागर, अनवाणी. मी नकळत स्टॉपवॉच दाबलं. वीस जोरात, वीस सावकाश. शंभराव्या पायरीला चेहरा लाल झाला. दीडशेला पाय जरा थरथरला आणि घागरीतलं पाणी डचमळून छातीवर आलं. माझा हात आपोआप शिट्टीकडे गेला. शिट्टी मी घरी ठेवून आले होते. मग वीस सावकाश, आणि उरलेल्या सतरा एका दमात.

ते गाभाऱ्यात आले. छाती वरखाली होत होती. घंटा सुरू झाल्या, झांजा सुरू झाल्या, सगळ्यांच्या नजरा त्या घागरीकडे. आता ती ओतायची.

महाराजांनी ओतली नाही. घागर तशीच खांद्यावर ठेवून, डोळे मिटून ते पिंडीसमोर उभे राहिले. सगळ्या गावांसमोर तोंड उघडं टाकून, आवाज करत, धापा टाकत. वाजवणाऱ्यांना कळेना, घंटा थांबल्या. मग झांजाही. शांततेत तो श्वास साऱ्या देवळाला ऐकू येत होता. कुजबुज सुरू झाली. महाराज अडकले असं नितेशला वाटलं आणि त्यानं बटण दाबलं. स्पीकरमधून भरदार आवाजात मंत्र सुरू झाले.

महाराजांनी डोळे उघडले. "बंद कर ते, नितेश," ते म्हणाले. "मी दम घेऊन राहिलो."

नितेशनं घाईघाईनं बंद केलं. घागर टेकवायची नाही हा नियम होता. उभं राहून दम घ्यायचा नाही असं कुणीच कधी सांगितलं नव्हतं. आपल्यालाच तसं वाटत आलं होतं. ते पिंडीसमोर उभे राहिल्यापासून घड्याळात एक मिनिट पंचावन्न सेकंद गेले. खांद्याला किती कळ लागली असेल ते त्यांनाच ठाऊक. श्वास जागेवर आला, त्यांनी घागर गळतीत ओतली, धार पिंडीवर पडली, आणि ते म्हणायला लागले.

मला संस्कृत कळत नाही. पण शब्द आणि शब्द वेगळा ऐकू येत होता. एकही गिळलेला नव्हता, एकही पळत नव्हता. गर्दीच्या अगदी मागे नारळ विकणारे उठून उभे राहिले होते. वहिनींनी बोट एकदाही वर केलं नाही. माझे डोळे भरून आले, आणि पोरी बघत असूनही मी ते पुसले नाहीत.

गोष्ट इथे संपली असती तरी मी महाराजांना मानलं असतं. पण गर्दी पाया पडायला लागली तेव्हा बेबीताई उंबऱ्याशीच बसून राहिली आणि मोठ्यानं म्हणाली, "महाराज, औंदा सारं आयकू आलं. मशीन न लावता! मागच्या साली मले एक शब्द आयकू नाही आला. इथंच बसून होती मी, तुमचे ओठ दिसून राहिले होते, पण आवाज काही नाही. म्या म्हटलं, झालं, आपले कान गेले. पोरीले सांगतलं, तिनं मशीन आणलं. आता देवानंच कान वापस देले पाहा!"

लोकांनी 'हर हर महादेव' केलं. कुणी तिच्या पाया पडलं. नितेश तर मोबाईल काढून तिचा व्हिडिओ घ्यायला लागला.

महाराजांना गप्प राहता आलं असतं. कोण विचारणार होतं? मी त्यांच्याकडे बघितलं. इतक्या पायऱ्या चढून आल्यावर नव्हता तेवढा घाम आता त्यांच्या कपाळावर होता. ते बेबीताईच्या समोर खाली बसले. मग सावकाश, एकेक शब्द सुटा करून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बेबीताई, तुमचे कान मागच्या वर्षीही चांगलेच होते. मीच काही म्हटलं नव्हतं. दम लागला होता, म्हणून नुसते ओठ हलवले. सगळ्यांना फसवलं मी."

नितेशचा मोबाईल हळूच खाली आला. बेबीताई महाराजांकडे बघत राहिली, आणि मला वाटलं आता ही तोंड सोडणार. तिनं गळ्यातल्या पिशवीत हात घातला, बेलाची पानं बाजूला सारली आणि ते मशीन काढून महाराजांच्या तळहातावर ठेवलं.

"मंग हे तुमचं आहे," ती म्हणाली. "ठेवा."

महाराजांनी ते कपाळाला लावलं. आज ते मशीन त्यांच्या पूजेच्या पेटीत असतं, पळी-पंचपात्राच्या शेजारी. चतुर्थीला ते आता अकराच घरं घेतात.